सात नंबरचा सरडा

३ एप्रिल

नवी रोजनिशी सुरू. मागची फेब्रुवारीतच बंद पडली, पण तो दोष माझा नाही. कागद भिकार होता, शाई पसरायची. हा कागद उत्तम आहे, तेव्हा या वेळी सबब नाही.

यंदाचे संकल्प: पहाटे पाचला उठणे, पोट कमी करणे आणि सरडे वाचवणे.

तिसऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे म्हातारपणी वाचताना संदर्भ लागेल. मी या वाळवंटातल्या सरडा-निरीक्षण केंद्राचा प्रमुख आहे. केंद्रात मी एकटाच असल्यामुळे प्रमुखपदावरून वाद नाही. दोन खोल्या, एक व्हरांडा, गच्चीवर पाण्याची टाकी आणि कुंपणापलीकडे नजर पोचेल तिथवर वाळूचं मैदान. या मैदानात ठिपक्या सरडा राहतो. वीतभर लांब, वाळूच्याच रंगाचा, पाठीवर काळे ठिपके. त्याच्यासाठी तीस वर्षांपूर्वी मैदान राखीव झालं. दर उन्हाळ्यात सरडे मोजायचे, एवढंच केंद्राचं काम. मी आलो तेव्हा शंभराच्या घरात दिसायचे. मग साठ, मग वीस, आणि गेल्या वर्षी चार, त्यातला एक संशयास्पद. कारण उघड आहे, हवामान बदल. दर वर्षीच्या अहवालात मी हे ठासून लिहितो.

आज मुख्य ऑफिसातून मॅडमचा फोन आला. मिठाच्या कारखान्याला ट्रकसाठी रस्ता हवा आहे, थेट मैदानाच्या मधून. जूनअखेरपर्यंत सरडे दिसले तर रस्ता वळसा घालून जाईल. नाही दिसले तर मैदान सोडून द्यावं लागेल, कारण जो प्राणी नाहीच त्याच्यासाठी जागा अडवून ठेवता येत नाही. जूनमध्ये मॅडम स्वतः बघायला येणार. मी म्हणालो, मी इथे बसलेलो असताना काळजी कसली? त्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. नेटवर्क गेलं असावं.

४ एप्रिल, सकाळी साडेनऊ

अलार्म पाचचा लावला होता. वाजला असेल. उद्यापासून मोबाइल उशीखाली न ठेवता टेबलावर.

तसं पाहिलं तर पाचच्या उठण्याचा आणि सरड्यांचा काही संबंध नाही. ते उठणं पोटासाठी. सरडे मोजायची वेळ नियमाने ठरलेली आहे, दहा ते बारा. तेव्हा सरडे ऊन खायला बाहेर येतात म्हणून केंद्राच्या पहिल्या प्रमुखांनी ती घालून दिली. तीस वर्षांत जग कुठल्या कुठे गेलं, पण माझ्या केंद्रात या वेळेला कुणी हात लावलेला नाही. नियमात पांढऱ्या खुणेच्या दगडांवरून चालत मोजायचं असंही आहे, पण चालण्याने सरडे बिथरतात. म्हणून मी व्हरांड्यातून दुर्बिणीने मोजतो.

दुपारी: मोजले. शून्य. ऊन असं की व्हरांड्यातसुद्धा पंखा लावावा लागला. सरड्यांची चिंता वाटते.

५ एप्रिल

मोबाइल टेबलावर होता. उठलो, तिथवर गेलो, अलार्म बंद केला, परत येऊन झोपलो. म्हणजे आज थोडं चालणं झालं.

सरडे शून्य.

९ एप्रिल

सासूबाई आल्या. ही आयडिया हिची. ही शहरात बँकेत, मी इथे, त्यामुळे हिच्या आयडिया फोनवरूनच येतात आणि फोनवर नाही म्हणणं मला जमत नाही. (समोरही जमत नाही.) शहरात सासूबाईंचा खोकला हटेना. डॉक्टरांनी कोरडी हवा सांगितली. कोरड्या हवेच्या बाबतीत आमच्या केंद्राचा हात कोणी धरणार नाही.

सासूबाई शाळेत पीटीच्या बाई होत्या. रिटायर होऊन जमाना झाला, पण गळ्यातली शिट्टी उतरलेली नाही. सामान म्हणजे एक बॅग आणि कॅनव्हासचे बूट. आल्या आल्या त्यांनी मला पायापासून वरपर्यंत निरखलं. नजर पोटापाशी थोडी रेंगाळली. म्हणाल्या, जावईबापू, हवा मानवलेली दिसते. कौतुकाने म्हणाल्या असाव्यात.

१० एप्रिल

सासूबाई अंधार असतानाच उठून मैदानावर फिरून आल्या. मी उठलो तेव्हा त्यांचा दुसरा चहा चालला होता. म्हणाल्या, केवढे सरडे आहेत हो तुमच्याकडे, पाय ठेवायला जागा नाही. मी त्यांना नीट समजावून सांगितलं की वाळूत गारगोट्या फार, अर्धवट उजेडात त्या हुबेहूब सरड्यासारख्या दिसतात. नवखा माणूस हमखास फसतो. डोळा तयार व्हायला वर्षं जातात. शिवाय समजा ते सरडे असले, तरी दहाच्या आधी दिसलेला सरडा नियमाने धरता येत नाही.

त्यांनी विचारलं, ही वेळ सरड्यांना कळवली आहे का?

मी खेळीमेळीने हसलो. म्हाताऱ्या माणसांचं मन मोडू नये. दहा ते बारा मोजले. शून्य.

१५ एप्रिल

मुख्य ऑफिसातून पार्सल. तांब्याच्या दहा पोकळ नळ्या, प्रत्येकीत तापमान टिपणारं एक छोटं यंत्र. या नळ्यांना सरड्याचा रंग द्यायचा आणि मैदानात ठेवून द्यायच्या. सरडा त्या जागी बसला असता तर त्याचं अंग किती तापलं असतं, हे माझ्या लॅपटॉपवर आपोआप येत राहील. म्हणजे जिवंत सरड्याला त्रास न देता त्याचा ताप मोजायचा. मला हे फार आवडलं.

मॅडमनी कळवलंय की साधा मातकट रंग दिला की काम भागेल. पण काम भागवणं माझ्या स्वभावात नाही. ब्रश घेऊन बसलो. ठिपके काढले, डोळे काढले, शेपटीला निमुळती तार जोडली. सात नंबरला तर ओठांवर किंचित हसू आणलं. त्याच्यात मी अक्षरशः जीव ओतलाय. सगळ्यांच्या पोटाखाली लाल रंगात नंबर घातले. सासूबाईंनी सात नंबर हातात घेऊन बराच वेळ बघितला. म्हणाल्या, वर्गातल्या एका मुलाची आठवण झाली, तोही नुसता हसायचा, जागचा हलायचा नाही.

१७ एप्रिल

दहाही नकली सरडे एकेका पांढऱ्या दगडाशेजारी ठेवले. म्हणजे सासूबाईंनी ठेवले, मी व्हरांड्यातून दिशा दाखवली.

लॅपटॉपवर आकडे येऊ लागले. सकाळी दहालाच नळ्या पन्नास अंशांच्या आसपास! ठिपक्याचं अंग बेचाळीसच्या वर गेलं की त्याच्या जिवावर बेततं. बिचारे सरडे एवढ्या उन्हात कसे बसत असतील? ताबडतोब दुर्बीण घेऊन बसलो. बारापर्यंत एकही दिसला नाही.

२८ एप्रिल

पाचला उठणं तूर्त स्थगित. उन्हाळ्यात शरीराला झोप जास्त लागते, असं कुठेतरी वाचलं आहे. पोटाचं काम मात्र उद्यापासून.

२ मे

काल वावटळ आली. पत्रे थडथडत होते, व्हरांड्यात घोट्यापर्यंत वाळू. आज पाहिलं तर सात नंबर जागेवर नाही. बाकीचे नऊ आपापल्या दगडापाशी आहेत, नेमका माझा सात नंबर गेला. कोल्ह्याने नेला, दुसरं काय? इतका हुबेहूब केला होता की कोल्हा फसला. एका कलावंताला याहून मोठी पावती नाही, पण वाईट वाटायचं ते वाटतंच.

३ मे

चमत्कारिक प्रकार. सात नंबरचे आकडे अजून येताहेत! यंत्र कोल्ह्याच्या पोटात चालू असणार. आज दुपारी एकला त्रेपन्न अंश. कोल्ह्याला सणकून ताप आहे.

४ मे

कोल्हा रात्री एकदम गार पडला. मला वाटलं संपला. सकाळी पुन्हा गरम, दुपारी बावन्न. चिवट जनावर आहे.

६ मे

सरडे शून्य. कारखान्याचे लोक मैदानात लाल झेंड्या रोवून गेले. एका रांगेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोणी विचारलं नाही, सांगितलं नाही. व्हरांड्यातून मी त्या दोनदा मोजल्या. इथे आलो त्या वर्षी त्याच जागी एक ठिपक्या माझ्या बुटावर चढला होता. मी खरोखर आनंदाने ओरडलो होतो आणि तो पळून गेला होता.

जेवताना सासूबाई म्हणाल्या, तुमच्या गारगोट्या आज सकाळी जोर काढत होत्या. पुढचे पाय ताठ करून वर-खाली, वर-खाली, शिस्तीत. हा टोमणा मला होता. व्यायामाचं बोलायचं असेल तर सरळ बोलावं. मी शांतपणे दुसऱ्यांदा भात घेतला.

११ मे, सकाळी अकरा

दिसला!!!

१२ मे

कालचा दिवस इतिहासात जाईल. अकराच्या सुमारास दुर्बीण शेवटच्या दगडाच्या बरीच उजवीकडे गेली, आणि तिथे उघड्या वाळूवर, भर उन्हात एक ठिपक्या बसलेला! खुर्ची पुढे ओढली. दुर्बिणीच्या एका काचेला तडा आहे, अंतरही बरंच, पण ठिपके स्पष्ट, शेपटी स्पष्ट. बारापर्यंत बघत होतो. तसूभर हलला नाही. दोन वाजता पुन्हा पाहिलं, तिथेच. त्रेपन्न अंशांत! ज्या उन्हात कोल्ह्याला ताप भरतो त्या उन्हात हा पठ्ठ्या मजेत बसलाय.

त्याचं नाव ठेवलं, वीर.

सासूबाईंना दुर्बीण दिली. त्यांनी वीराकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, वीराकडे पाहिलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ. म्हणाल्या, जवळ जाऊन बघा एकदा. मी म्हणालो, मुळीच नाही, दुर्मीळ प्राण्याच्या खासगी आयुष्यात ढवळाढवळ हा माझ्या दृष्टीने गुन्हा आहे. आणि बाहेर ऊन किती! त्या म्हणाल्या, बरं. पदर तोंडाला लावून आत गेल्या. भावुक झाल्या असाव्यात.

१५ मे

सिद्धान्त सुचला. हवामान बदलामुळे बाकीचे सरडे संपले कारण ते धावपळ करत राहिले. वीराने हालचाल पूर्ण बंद केली, म्हणून तो तगला. वाढत्या उष्म्याला निसर्गाचं उत्तर: स्वस्थ बसणे. या दृष्टीने पाहता माझ्या पोटाचाही फेरविचार करायला हवा. व्यायामाचा संकल्प संशोधन पूर्ण होईपर्यंत पुढे ढकलला.

२० मे

काल जोराचा वारा होता. आज वीर तीन-चार फूट सरकलेला आहे, आणि तोंड आधी टाकीकडे होतं ते आता कुंपणाकडे! म्हणजे तो हलतो. वारा असला की हलतो. याचीही नोंद केली.

वीर बसतो त्या नेमक्या जागेचं तापमान मिळालं असतं तर सिद्धान्त पक्का झाला असता. सात नंबर आज असता तर तिथेच ठेवला असता. मेल्या कोल्ह्याने घात केला.

२६ मे

मॅडमना फोटोसकट मेल पाठवली. विषय: वीर. त्यांचं उत्तर आलं, फोटो फार लांबून आहे, जवळून काढून पाठवा. मी तत्त्वाचा मुद्दा कळवला. त्यावर उत्तर नाही. विचारात पडल्या असतील.

२ जून

सासूबाई हल्ली शाळेतच असतात, म्हणजे मनाने. आज चहा पिताना स्वतःशीच म्हणाल्या, वर्ग गच्च भरलाय पण पहिलीत एकही पोर नाही. सगळी थोराड. आणि घंटा होऊन तासभर होत नाही तोच सगळे घरी पळतात, डबा तरी पुरता खातात की नाही कोण जाणे. मला गलबलून आलं. रिटायर झालेल्या माणसाचं असंच होतं.

गच्चीवर टाकीपाशी नेटवर्क येतं, तिथून हिला फोन केला. आईंचं मन शाळेत अडकलंय, त्यांना जरा जप, असं सांगितलं. ही म्हणाली, तू एकदा आईचं बोलणं नीट ऐक. मी म्हणालो, मी सगळ्यांचं ऐकतो. हिच्याकडूनही बराच वेळ आवाज नाही. टाकीपाशीसुद्धा आता नेटवर्क जातं म्हणजे कमाल झाली.

१० जून

आज बारापर्यंत वीराकडे बघत बसलो आणि पहिल्यांदाच भीती वाटली. एकच आहे तो. त्याला काही झालं तर? एका सरड्यासाठी मॅडम मैदान राखतील? झेंड्या वाऱ्यावर फडफडत असतात, त्यांच्याकडे बघवत नाही. वीराचं कुटुंब शोधायलाच हवं. दुपारी तो एकटाच असतो, तेव्हा घरची मंडळी सकाळी येत असतील. उद्या काहीही होवो, पाचला उठणार.

११ जून

उठलो! घड्याळात पाच! अंधुक उजेड होता. डोळे सरावेपर्यंत व्हरांड्यातल्या खुर्चीत टेकलो.

जाग आली तेव्हा ऊन पायावर आलं होतं आणि अंगावर सासूबाईंनी चादर घातली होती. कुटुंब दिसलं नाही.

१९ जून

मॅडम परवा येणार. सोबत कारखान्याचे इंजिनिअरही. व्हरांडा धुतला, दुर्बीण पुसली, वीराची माहिती सांगायची दोनदा तालीम केली. ऐकायला सासूबाई होत्या. मधेच त्यांनी हात वर केला आणि विचारलं, वीर खातो काय? मी म्हणालो, अजून खाताना दिसलेला नाही, बहुधा उन्हावरच जगतो. त्या म्हणाल्या, तुमच्या जिवाला लागेल म्हणून इतके दिवस गप्प होते, पण आता खरंच सांगते, पाहुणे यायच्या आधी एकदा त्याच्याजवळ जाऊन या. मी म्हणालो, वीराची पहिली भेट मॅडमच्या साक्षीनेच होईल. त्या म्हणाल्या, मग माझा इलाज नाही.

२१ जून, दुपारी दोन

आजचं उद्या लिहीन.

२२ जून, सकाळी नऊ

लिहायला हवं. रोजनिशीशी प्रामाणिक राहायचं असं ठरलं आहे.

काल बरोबर दहाला मॅडम, इंजिनिअर आणि मी मैदानात उतरलो. सासूबाई छत्री घेऊन मागून. बुटाच्या तळव्यातून चटके लागत होते. वीर जागेवर होता. मी सगळ्यांना थांबवलं, बोटाने गप्प राहायची खूण केली, आणि खालच्या आवाजात सिद्धान्त सांगायला सुरुवात केली. इंजिनिअर उतावळा माणूस. तो सरळ चालत गेला, वाकला आणि त्याने वीराला उचललं. मग ओरडून खाली टाकलं, कारण बोटं भाजली.

वीर उताणा पडला. पोटावर लाल रंगात सात. अक्षर माझंच.

तो हसत होता. ते हसू मीच काढलं होतं.

मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मैदानात नेटवर्कचा प्रश्न नव्हता. मी एवढंच म्हणालो की म्हणजे कोल्हा निर्दोष होता. त्याचा कोणाला संदर्भ लागला नाही.

त्यानंतर बारापर्यंत सगळ्यांनी मिळून शोधलं. शून्य. इंजिनिअरने व्हरांड्यात नकाशा पसरला आणि रस्त्याची रेघ बोटाने दाखवली. मॅडमनी पेन काढलं. मी काहीतरी बोलायला उठलो आणि पुन्हा बसलो. एवढा उन्हाळा मी वीराचा पहारा केला आणि मैदान माझ्या हातून चाललं होतं. खोटं कशाला लिहू, डोळ्यांत पाणी आलं. ते घाम म्हणून खपलं.

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. कप ठेवता ठेवता मॅडमना म्हणाल्या, आज मुक्काम आहेच तुमचा, तर सही उद्या करा, सकाळी माझ्याबरोबर फिरायला चला. पहाटे निघू, सरडे तेव्हाच असतात. मी नियमाची आठवण करून दिली की दहाच्या आधी... पण माझ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

आज पहाटे शिट्टी वाजली. माझ्या कानापासून चार बोटांवर. इंजिनिअर पायजम्यातच व्हरांड्यात उभा होता, दोन्ही हात शरीराला चिकटवून. आम्ही रांगेत निघालो. उजेड नुकताच फुटत होता, वाळू गार होती. आणि मग सासूबाईंनी हात वर करून आम्हाला थांबवलं.

गारगोट्या जोर काढत होत्या.

एक नाही, दोन नाही. जिथे नजर टाकावी तिथे ठिपके. कोणी मुंग्या टिपत होता, कोणी दगडावर चढून शेजाऱ्याला जोर काढून दाखवत होता, दोघं झेंडीच्या काठीवरून भांडत होते. सासूबाई एकेकाची ओळख करून देत होत्या, हा लंगडा, हा दादा, ही लाजरी, ही नव्यानेच येते. सहा वर्षं मी त्यांना उन्हात शोधत होतो, आणि ते रोज माझ्या खिडकीखालून जात होते, मी घोरत असताना.

इंजिनिअरने साठपर्यंत मोजले आणि मग पुढचे आकडे विसरला. ऊन तापायला लागलं तसे एकेक करून सगळे बिळात गेले. माझी रोजची चहाची वेळसुद्धा झाली नव्हती.

मॅडमनी व्हरांड्यात माझा लॅपटॉप उघडला. माझ्या दहाही नकली सरड्यांचे आकडे एकाखाली एक लावले, शेजारी तीस वर्षांपूर्वीची नोंद. तेव्हा दहा वाजता जेवढी वाळू तापायची तेवढी आता उजाडल्यावर तास-दीड तासातच तापते. दहाला बाहेर असलेला सरडा भाजून मरेल. सरडे शहाणे, त्यांनी आपली वेळ बदलली. वेळ बदलली नाही ती आम्ही. म्हणजे मी. मॅडम म्हणाल्या, हे आकडे फार चांगले आहेत, एकाही दिवसाचा खंड नाही. मी म्हणालो, खंड मी पडू देत नाही.

सात नंबरचे आकडे सगळ्यात उत्तम निघाले, कारण तो एकटाच उघड्यावर होता.

इंजिनिअरने नकाशा घडी करून खिशात घातला. रस्ता वळसा घालून जाणार. जाताना त्याने सासूबाईंना सलाम ठोकला.

२३ जून

काल आनंदात एक गोष्ट लिहायची राहिली. सगळे हसत होते, तेव्हा सासूबाई मॅडमना म्हणाल्या, पण पहिलीचा वर्ग रिकामा आहे हो. एवढ्या सगळ्यांत पिल्लू एकही नाही.

मॅडमनी मान हलवली. म्हणाल्या, ते माझ्याही लक्षात आलं. पूर्वी अर्धा दिवस मिळायचा खायला, आता जेमतेम तास-दीड तास. तेवढ्यात माद्यांचं पोट भरत नाही, मग अंडी कुठून होणार? रस्ता वळवता येतो, ऊन कसं वळवणार?

सासूबाई शाळेबद्दल बोलत नव्हत्या तर. हे मला तेव्हाच थोडंफार जाणवलं होतं. (नव्हतं. पण लिहून ठेवतो.)

नवा नियम झाला. मोजणी उजाडता उजाडता आणि चालत. मोजणार सासूबाई, खोकला बरा झाला तरी त्या राहणार. मी मदतनीस. ही व्यवस्था मीच सुचवणार होतो.

३० जून

आज जे झालं ते सविस्तर लिहितो, कारण पुन्हा होईल न होईल.

पहाटे शिट्टी, नंतर मैदान. सासूबाईंनी मला शेवटच्या दगडापाशी बसवलं आणि बजावलं की इथून हलायचं नाही, समोरून जाणारे तेवढे मोजायचे. दोन मोजले. मग वाळू मऊ होती, वारा गार होता, मी निरीक्षणाला सोयीचं म्हणून उताणा झालो. पुढचं थोडं आठवत नाही.

जाग आली ती पोटावर काहीतरी चालत होतं म्हणून. डोळे किलकिले केले. शर्टाच्या तिसऱ्या बटणापाशी एक ठिपक्या बसला होता. करंगळीएवढा. ठिपके अजून नीट उमटलेही नव्हते. पिल्लू! पहिलीतलं पहिलं पोर! ऊन नुकतंच माझ्या पोटावर पडलं होतं आणि आजूबाजूला तेवढीच जागा तापलेली. त्याने अंग पसरलं, डोळे मिटले. इतकी छोटी नखं, पण प्रत्येक जाणवत होतं. मी श्वास घेतला की ते वर जाई, सोडला की खाली येई. मग मी श्वासही अर्धाच घेऊ लागलो. नाकावर माशी बसली. हाकलली नाही. असा आनंद मला लग्नातही झाला नव्हता. हिला हे सांगायचं नाही.

थोड्या अंतरावर सासूबाई उभ्या होत्या. शिट्टी तोंडात होती, पण वाजवली नाही. त्यांनी हळूच मोबाइल काढून फोटो घेतला. पिल्लाने ऊब घेतली, माझ्या पोटावर दोन जोर काढले आणि उतरून गेलं. सासूबाई जवळ आल्या. आता झोपल्याबद्दल बोलणी बसणार असं वाटलं होतं. त्या शेजारी वाळूत बसल्या आणि पदराने डोळे पुसत राहिल्या.

ठरलं. पोट कमी करण्याचा संकल्प कायमचा रद्द. ते आता संशोधनाचं साधन आहे. आणि वीराच्या सिद्धान्तातही तथ्य होतंच, स्वस्थ बसण्याने काय साधतं ते आज दिसलं.

१२ जुलै

अहवाल छापून आला. मुखपृष्ठावर तोच फोटो, अख्खं पान भरून! मैदान, सकाळचं ऊन, पिल्लू. मी घाईघाईने चष्मा शोधला. मॅडमनी फोटो थोडा कापला आहे, त्यामुळे माझा चेहरा आलेला नाही. नुसता मातकट शर्ट आणि पोट.

खाली ओळ आहे: ठिपक्या सरड्याचं पिल्लू, उबदार उंचवट्यावर ऊन खाताना. फोटो: सासूबाईंचं नाव.

आतली सगळी पानं चाळली. माझं नाव तापमानाच्या तक्त्याखाली आहे, बारीक अक्षरात. उंचवट्याचं नाव कुठेच नाही.

उद्या पाचला उठून मॅडमना सविस्तर मेल करीन.